कचऱ्याची गाडी शेवटी वळते कुठे?

आमच्या तालुक्याच्या गावात कचरा प्रकल्पाच्या विरोधात आंदोलन झालं आणि ते जिंकलं. पेपरात फोटो आले, कृती समितीने चौकात फटाके वाजवले, पेढे वाटले. त्या फोटोंमध्ये पहिल्या रांगेत आपल्या वस्तीतल्या बाया आहेत. तीन महिन्यांनी नगर परिषदेने प्रकल्पाची नवी जागा ठरवली. ती जागा म्हणजे याच बायांच्या वस्तीमागचं गायरान. आता कृती समितीच्या अध्यक्षांचा फोन लागत नाही.

आधी काय घडलं ते सांगतो. गावाचा कचरा वर्षानुवर्षे बाह्य रस्त्याच्या कडेला पडत होता. पुढे तिथे प्लॉटिंग झालं, जमिनीचे भाव वाढले आणि एकाएकी सगळ्यांना वास येऊ लागला. नगर परिषदेने ठराव घेतला की गावाच्या पश्चिमेला घनकचरा प्रक्रिया प्रकल्प करायचा. त्या बाजूला मोसंबीच्या बागा आहेत, दोन मंगल कार्यालयं आहेत. आठ दिवसांत सर्वपक्षीय कृती समिती उभी राहिली. पहिली बैठक मारुतीच्या मंदिराच्या सभामंडपात. आम्हालाही बोलावणं आलं, कारण मोर्चाला माणसं लागतात. (मी सभामंडपात आत जाऊन बसलो हे नोंदवून ठेवतो, माझ्या वडिलांना ते जमलं नसतं.) बैठकीत मी एकच प्रश्न विचारला: इथे नको हे ठीक, मग कुठे? अध्यक्ष म्हणाले, "सर, आधी हे घालवू. पुढचं पुढं बघू." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. त्या 'पुढच्या'त आपण आहोत हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ही चूक माझी आहे.

पुढे रास्ता रोको झाला. जेसीबीसमोर बसलेल्या बायांत निम्म्याहून अधिक आपल्या होत्या. गुन्हे दाखल झाले ते आपल्या पोरांवर. समितीच्या एकाही पुढाऱ्याचं नाव एफआयआरमध्ये नाही.

नव्या जागेच्या प्रस्तावाची प्रत आम्ही माहिती अधिकारात काढली. त्यात लिहिलंय की सदर गट पडीक आहे, शासकीय आहे आणि लगत मोठी लोकवस्ती नाही. पडीक? त्या गायरानावर आपल्या वस्तीतली पंचवीस-तीस घरं तीन पिढ्यांपासून ज्वारी, तूर, बाजरी पेरतात. लोकवस्ती नाही? मग निवडणुकीच्या आदल्या रात्री उमेदवारांच्या गाड्या कुठे येतात?

महाराष्ट्रात, त्यातही मराठवाड्यात, गायरान हा आपल्यासाठी साधा शब्द नाही. ज्यांना वतनाच्या नावाखाली गावाची हाडकी-हाडोळी मिळाली आणि तीही पुढे हातची गेली, त्यांनी गायरानावर नांगर धरला. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. डिसेंबर १९६४ पासून तो देशभर झाला, लाखो माणसं तुरुंगात गेली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा आहे. तो तहसीलच्या कपाटात किती गावांसाठी तसाच पडून राहिला हे ज्यांनी खेटे घातले त्यांना माहीत आहे. २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, पण शासनाने भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिले असतील तर तो अपवाद ठेवला. तहसीलदार निकालाचा पहिला भाग वाचून दाखवतात, दुसरा आपण वाचून दाखवायचा असतो.

म्हणजे पट्टा दिला नाही म्हणून तुम्ही अतिक्रमणदार, अतिक्रमणदार म्हणून जमीन 'रिकामी', आणि रिकामी म्हणून कचऱ्याला योग्य. यात कोणी एक माणूस दुष्ट असण्याची गरजच नाही. तलाठ्याने नोंद घेतली नाही, अभियंत्याने नकाशा बघितला, मुख्याधिकाऱ्याने सही केली. प्रत्येकाने आपापलं काम केलं आणि कचरा बरोबर महारवाड्याच्या मागे पोचला.

गावातली मेलेली जनावरं ओढायची कोणी हे ठरलेलं होतं, आणि ती कुठे टाकायची हेही ठरलेलं होतं. काम आणि जागा या दोन गोष्टी जातीने एकाच दोरीत बांधल्या. १९२७ च्या महाड परिषदेत पाण्याच्या हक्काबरोबरच मेलेली ढोरं ओढण्याचं काम आणि मृतमांस सोडण्याचा विषय होता. ही दोरी तोडली नाही तर माणूसपण मिळणार नाही हे बाबासाहेबांनी ओळखलं होतं. आपल्या आजोबा-पणजोबांनी बहिष्कार सोसले, दाणे बंद झाले, पण ढोरं ओढली नाहीत. आता गावकूस पडलंय, त्याच्या जागी विकास आराखडा आलाय. त्यात वेगवेगळे रंग भरलेले असतात आणि आपली वस्ती कोणत्या रंगाच्या शेजारी येते ते एकदा बघा.

इथे कायद्यातली एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण आपल्याच कार्यकर्त्यांना ती फारशी माहीत नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला इजा, अपमान किंवा त्रास देण्याच्या हेतूने त्याच्या शेजारात घाण, टाकाऊ पदार्थ, मेलेलं जनावर टाकणं हा कलम ३ खाली गुन्हा आहे. एखाद्या गावगुंडाने आपल्या दारात एक घमेलं घाण टाकली तर तो आरोपी होतो. रोज अख्ख्या गावाची घाण ठरावाने टाकली तर तो प्रकल्प होतो. हेतू सिद्ध करायला लागतो हे मला कळतं, आणि उद्या नगराध्यक्षांवर अ‍ॅट्रॉसिटी लावा असं मी म्हणत नाही. पण ठराव करणाऱ्यांना हे कलम वाचून दाखवायला काय हरकत आहे?

आता गावाबाहेर येऊ. हे आमच्याच गावात घडतंय असं नाही. मुंबईत बघा. मुलुंडचं डम्पिंग ग्राउंड १९६७ च्या सुमाराला सुरू झालं. मुलुंडच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, राजकीय पक्षांना जाब विचारला आणि १ ऑक्टोबर २०१८ ला तिथे कचरा टाकणं थांबलं. चांगलं झालं. त्यांच्या घरात येणारा वास खराच होता. पण त्यानंतर मुंबईचा कचरा जाऊ लागला तो कांजूरमार्ग आणि देवनार या दोन ठिकाणी. देवनारचं डम्पिंग १९२७ पासूनचं, म्हणजे महाडच्या वर्षापासूनचं. त्याच्या कुशीत शिवाजीनगर, बैंगणवाडी, रफीक नगर. मुसलमान आणि दलित, बरेचसे शहराच्या इतर भागांतून हुसकावून आणलेले. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात सगळ्यात खालचा क्रमांक याच एम पूर्व प्रभागाचा होता. मुलुंडकरांनी आवाज उठवला तसा गोवंडीकरांनीही उठवला. दोन्हीकडे माणसंच राहतात. मग एकाचं गेट बंद होतं आणि दुसऱ्याचं का होत नाही?

एवढ्यावर थांबलं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने देवनार डम्पिंगची सुमारे १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकासासाठी द्यायचं ठरवलं. धारावीतल्या ज्यांना तिथे घर मिळणार नाही अशांना इथे घरं. आधी माणसांच्या शेजारी कचरा आणला, आता कचऱ्यावर माणसं नेणार.

गोवंडीतच रुग्णालयांचा जैववैद्यकीय कचरा जाळण्याचा प्रकल्प होता. त्याच्या धुराविरुद्ध स्थानिक लोक उच्च न्यायालयात गेले. २०२३ मध्ये न्यायालयाने तो हलवायला दोन वर्षांची मुदत दिली. हलवायचा कुठे? रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात. गोवंडीकरांचं अभिनंदन करताना माझ्या मनात खालापूर राहतंच. गरिबाच्या नाकातला धूर दुसऱ्या गरिबाच्या नाकात गेला तर तो आपला विजय मानायचा का?

याचं उत्तर मला औरंगाबादच्या कचराकोंडीत थोडंफार सापडतं. तीस वर्षांहून अधिक काळ त्या शहराचा कचरा नारेगाव-मांडकीच्या डेपोवर पडत होता. विहिरी गेल्या, शेतं गेली, पोरींची लग्नं जमेनात. १६ फेब्रुवारी २०१८ ला आजूबाजूच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि मग हटलेच नाहीत. महापालिकेने दुसरी जागा शोधायला सुरुवात केली, तर ज्या बाजूला गाडी जाईल त्या बाजूला लोक रस्त्यावर. ७ मार्चला मिटमिट्यात दगडफेक, जाळपोळ, लाठीमार, अश्रुधूर झाला. पोलीस घरांत घुसून लोकांच्या गाड्या फोडताना सीसीटीव्हीत दिसले आणि पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवावं लागलं. शहरात रस्त्यारस्त्यांवर ढीग साचले.

तेव्हा पांढरपेशे लोक म्हणत होते की या गावकऱ्यांना शहराची किंमत नाही. मी त्याकडे उलट बाजूने बघतो. एकाही गावाने दार उघडलं नाही म्हणूनच सरकारला पैसे द्यावे लागले, चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडी अशी प्रक्रियेची ठिकाणं शहराच्या हद्दीत करावी लागली, ओला-सुका वेगळा करा हे घरोघर सांगावं लागलं. जे काम तीस वर्षांत झालं नव्हतं ते कोंडी झाल्यावर सुरू झालं. ते नीट झालं असं मी म्हणणार नाही, त्या ठिकाणांच्या शेजारच्यांना विचारा. पण नारेगाव नाही तर मिटमिटा, मिटमिटा नाही तर आणखी कोणी, ही साखळी जिथे तुटली तिथेच शहराला आपल्या घाणीकडे बघावं लागलं. एखादी दुबळी वस्ती सापडली असती तर तेही करावं लागलं नसतं.

ही दुबळी वस्ती शोधण्याची कला फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या काळ्यांची आणि आपली स्थिती किती सारखी आहे याची त्यांना जाण होती. तिथे १९७८ मध्ये उत्तर कॅरोलायना राज्यात कोणीतरी पीसीबी नावाचं विषारी रसायन मिसळलेलं तेल रात्री टँकरमधून रस्त्यांच्या कडेने शेकडो किलोमीटर ओतत नेलं. ती माती खरवडून पुरायची कुठे? राज्याने वॉरेन काउंटी निवडली. गरीब, आणि बहुसंख्य काळी वस्ती. जमिनीखाली पाणी फार खोल नाही हे माहीत असूनही. सप्टेंबर १९८२ मध्ये माती भरलेले ट्रक येऊ लागले तेव्हा माणसं रस्त्यावर आडवी झाली. सहा आठवड्यांत पाचशेहून अधिक अटका झाल्या. ती माती शेवटी तिथेच पुरली गेली, म्हणजे लढाई ते हरले. पण त्यांनी प्रश्न बदलला. 'आमच्या इथे नको' याच्या पुढे जाऊन 'दर वेळी आम्हीच का?' असं त्यांनी विचारलं. १९८७ मध्ये एका ख्रिस्ती चर्चच्या आयोगाने देशभरचा अभ्यास प्रसिद्ध केला. विषारी कचऱ्याची केंद्रं कुठे आहेत हे ठरवण्यात वंश हा सगळ्यात प्रबळ घटक आहे असं त्यात दिसलं. तिथून 'पर्यावरणीय वंशवाद' हा शब्द जगभर गेला. १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना त्यावर आदेश काढावा लागला.

आपल्याकडे पर्यावरणाच्या अहवालात पक्षी किती जातींचे आहेत हे असतं. माणसांच्या जाती एका तक्त्यात जनगणनेतून उतरवलेल्या असतात, 'अनुसूचित जाती इतके, जमाती इतके', आणि पुढे त्या आकड्याचं काहीच होत नाही. महाराष्ट्रातल्या डम्पिंग ग्राउंडच्या शेजारी कोण राहतं याची गावनिहाय यादी आपणच का करू नये? प्रत्येक तालुक्यातल्या दोन पोरांनी मोटरसायकल काढली तर महिन्याभरात होईल.

आता आपल्याच माणसांचा एक मुद्दा. वस्तीतल्या बैठकीत काही तरुण म्हणाले, "सर, प्रकल्प येऊ द्या. वीस-पंचवीस पोरं लागतील कामाला." यावर रागावून चालणार नाही. पोरगा डी.एड. करून बसलाय, घरात खायची मारामार आहे. पण मी त्यांना विचारलं, कामाला म्हणजे कोणत्या कामाला? वजनकाट्यावर बसायला, संगणकावर नोंदी करायला, सुपरवायझर म्हणून? की पट्ट्यासमोर उभं राहून हाताने सॅनिटरी पॅड आणि फुटक्या बाटल्या वेगळ्या करायला? घंटागाडीवर आज कोण आहे ते बघा. मेहतर, मांग, आपल्यातले, एखादा वडार. वरच्या आळीतला एक पोरगा दाखवा. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी विणखात्याचा प्रश्न काढला होता. अस्पृश्यांना गिरणीत काम मिळत होतं, पण जास्त पगाराच्या खात्यात शिरकाव नव्हता. शंभर वर्षं होत आली, आणि आपल्याला अजून हेच सांगतात की काम मिळतंय ना.

आणि हे काम कंत्राटी असतं. मुंबई महापालिकेच्या कचरा वाहतुकीतल्या २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करा असा औद्योगिक न्यायाधिकरणाचा निकाल २०१४ मध्ये लागला आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उमटायला २०१७ उजाडलं. त्यांच्यामागे संघटना होती म्हणून तेवढं तरी झालं. आमच्या नगर परिषदेच्या कंत्राटदाराकडे हातमोजे मागितले तर दुसऱ्या दिवशी येऊ नको म्हणतो. पुण्यात १९९३ पासून कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची संघटना आहे, त्यातून पुढे त्यांची सहकारी संस्था उभी राहिली, ओळखपत्रं मिळाली. म्हणजे या कामातही हक्क मागता येतो. फक्त तो प्रकल्पाबरोबर आपोआप येत नाही, आणि त्यासाठी आपली जमीन द्यावी लागत नाही.

मग आपण काय म्हणायचं? पुन्हा कृती समितीत जायचं का? वस्तीतले काही जण म्हणतात की त्यांचं त्यांना लखलाभ, आपण वेगळं लढू. मला ते पटत नाही. त्यांनी दगा दिला हे खरं, पण मोसंबीवाल्याचा विरोध चुकीचा नव्हता. कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी त्याच्या विहिरीत गेलंच असतं. चुकीचं होतं ते पुढचं पुढं बघण्याचं. त्यामुळे या वेळी जायचं तर आपली अट आधी कागदावर यायला हवी: दुसऱ्या कोणत्याही वस्तीची जागा ही समिती सुचवणार नाही. बैठक मंदिरात नको, नगर परिषदेच्या सभागृहात घ्या किंवा शाळेत. आणि सफाई कामगारांचे दोन प्रतिनिधी समितीत हवेत, कारण गावात रोज किती आणि काय कचरा निघतो हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही.

"कचरा कुठेतरी जाणारच ना?" हा प्रश्न मला दहा जणांनी विचारलाय. अर्धाअधिक कचरा ओला असतो, म्हणजे भाजीचे देठ, शिळं अन्न, मंडईतला पाला. तो ज्या प्रभागात निघतो तिथेच खड्ड्यात जिरवता येतो. मंडईच्या मागे पालिकेचीच मोकळी जागा आहे. मंगल कार्यालयांनी आपलं उष्टं आपल्या आवारात जिरवावं. सुका विकला जातो. एवढं केल्यावर जे उरेल त्यासाठी दहा एकर लागत नाहीत. पण मग मोठी निविदाही निघत नाही, आणि अडचण तिथेच असावी असा माझा संशय आहे.

२०१६ च्या घनकचरा नियमांत कचरा पुरायची जागा वस्तीपासून आणि पिण्याच्या विहिरीपासून २०० मीटर लांब हवी असं लिहिलं होतं. आम्ही गेल्या रविवारी टेप घेऊन मोजलं. शेवटच्या घरापासून गटाची हद्द १४० मीटर भरली. वस्तीची विहीर त्याहून जवळ आहे. अभियंता साहेबांना सांगितलं तर म्हणाले की हे डम्पिंग नाही, प्रक्रिया केंद्र आहे, नियम लागू नाही. ठीक आहे. मग प्रक्रिया करून उरलेला कचरा रोज कुठे जाणार ते प्रस्तावात लिहा. ते पान कोरं आहे.

हरकती द्यायची मुदत या महिन्याअखेर संपते. वस्तीतल्या एका आजींनी परवा पत्र्याची पेटी उघडली. आतून दंडाच्या पावत्या निघाल्या, त्यांच्या सासऱ्याच्या नावाच्या, गायरान पेरलं म्हणून दर साली भरलेल्या. शासनाने स्वतः शिक्का मारून दिलेला पुरावा की जमीन पडीक नव्हती. ज्यांच्याकडे अशा पावत्या असतील त्यांनी शोधा. तलाठ्याकडे गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीचा उतारा मागा, जुनी पीकपाहणी मागा, नाही म्हणाला तर लेखी मागा. सोमवारी सकाळी अकरा वाजता सगळ्यांनी नगर परिषदेसमोर यायचंय. पावत्यांच्या मूळ प्रती घरीच ठेवा, झेरॉक्स आणा आणि पोच घेतल्याशिवाय कोणाच्या हातात कागद देऊ नका.